तीनशे अकरा रुग्ण बरे करणारी आत्या

आमच्या विद्यापीठात सगळे तिला आत्या म्हणतात, आणि त्याला कारण मी आहे. ती माझ्या बाबांची थोरली बहीण. शाळेत असताना एकदा मी तिचा विसरलेला डबा द्यायला भौतिकशास्त्राच्या इमारतीत गेले. तळघराच्या जिन्याशी उभी राहून "आत्याऽऽ" अशी हाक मारली. तळघर मोकळं, त्यामुळे हाक चांगली तीन मजले घुमली. दुसऱ्या दिवसापासून संशोधक विद्यार्थी तिला आत्या म्हणायला लागले, मग प्राध्यापक, मग शिपाई. आता कुलगुरूसुद्धा फोनवर "आत्या आहेत का?" असंच विचारतात. तिचं खरं नाव पगारपत्रकात आहे म्हणे. मला ते आठवायला थोडा वेळ लागतो.

आत्या उपकरण दुरुस्ती कार्यशाळा चालवते. अकरा पायऱ्या उतरून गेलं की डावीकडची खोली. आत एक लांब लाकडी टेबल आहे. त्याच्या एका कोपऱ्याला कधीकाळी ॲसिड सांडून खड्डा पडला, त्यात ती बारके स्क्रू ठेवते. भिंतीवर पाने आणि पकडी टांगलेल्या आहेत. प्रत्येकाच्या मागे भिंतीवर त्याची आकृती रंगवलेली, म्हणजे कोणी काय पळवलं ते लगेच कळतं. खिडकी एकच, छताला लागून, आणि बाहेरून ती जमिनीच्या पातळीवर येते. त्यामुळे खिडकीतून आभाळ दिसत नाही, बूट दिसतात. तीस वर्षांत आत्या बुटांवरून माणसं ओळखायला शिकली आहे. "रसायनवाला येतोय, नाडी सुटलीय त्याची," असं ती मान वर न करता म्हणते, आणि दोन मिनिटांनी रसायनशास्त्राचे सर नाडी लोंबकळत दारात हजर.

ती आली होती झाडलोट करायला. तेव्हाचे मिस्त्री म्हातारे झाले होते, हाताला कंप सुटला होता. बारीक स्क्रू त्यांच्या हातून निसटायचा आणि ती केरसुणीने शोधून द्यायची. एकदा शोधून दिला, दोनदा दिला, तिसऱ्यांदा मिस्त्री म्हणाले, "आता तूच बसव." त्यानंतर सहा वर्षं ते सांगायचे आणि ती करायची. ते निवृत्त झाले तेव्हा परीक्षा घेऊन ती जागा तिलाच मिळाली. मिस्त्रींनी तिला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, पाना उचलायच्या आधी यंत्राची तक्रार ऐकायची. दुसरी, दुरुस्त झालं म्हणून लगेच परत द्यायचं नाही. तीन दिवस चालू ठेवून बघायचं, मगच "बरं" लिहायचं.

हे "बरं" तिने शब्दशः घेतलं. प्रत्येक यंत्राला ती पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधते आणि तिच्यावर दवाखान्यासारखं लिहिते. यंत्रांना तिने नावंही ठेवली आहेत, कारण क्रमांक तिच्या लक्षात राहत नाहीत. जीवरसायन विभागाची, नळ्या गरगर फिरवणारी तीन सेंट्रीफ्यूज यंत्रं म्हणजे थोरली, मधली आणि धाकटी. वनस्पतिशास्त्रातला जाड भिंगांचा मायक्रोस्कोप म्हणजे ढापण्या. संवेदनशील तराजूचं नाव लाजाळू. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले, आता तिथेच प्रयोगशाळेत कंत्राटी इंजिनीअर आहे. एकदा मी तिला समजवायला गेले, "अगं आत्या, 'ढापण्याला डाव्या डोळ्याने दिसत नाही' काय लिहितेस? 'डाव्या नेत्रभिंगाचं संरेखन बिघडलंय' असं लिही."

"त्याने दिसायला लागेल का त्याला?"

"नाही, पण..."

"मग राहू दे, इंजिनीअर. तो पाना दे."

आता अडचण सांगते. सरकारकडून येणारं अनुदान दर वर्षी थोडं थोडं आक्रसत होतं. आधी निवृत्त झालेल्यांच्या जागा भरणं थांबलं. मग ग्रंथालयाची लिफ्ट बंद झाली. मग व्हरांड्यातला एकाआड एक दिवा काढला. नवी उपकरणं घेणं तर पूर्णच थांबलं. पण त्याचा परिणाम असा झाला की जुनी यंत्रं मोडेपर्यंत वापरली जाऊ लागली, आणि मोडली की अकरा पायऱ्या उतरून आत्याकडे यायला लागली. अनुदान जितकं कमी, तितकी तिच्या टेबलावर गर्दी जास्त. मागच्या वर्षी तर तिने जेवायचा डबा जिन्याच्या पायरीवर ठेवायला सुरुवात केली, टेबलावर जागाच नव्हती.

आणि अशा वर्षाच्या शेवटी परिपत्रक आलं. ज्या विभागांचं काम नाही ते बंद करून त्यांच्या खोल्या बाहेरच्या संस्थांना भाड्याने द्यायच्या. खाली एकवीस खोल्यांची यादी होती. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: उपकरण दुरुस्ती कार्यशाळा. वर्षभरातील काम: शून्य. गुरुवारी समिती पाहणीला येईल.

आत्याने कागद दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"शून्य," ती म्हणाली. "मग माझी कंबर काय नाचून धरली?"

मी हसले, पण ती हसत नव्हती. तिची नोकरीची चार वर्षं उरली होती, तिला कुठेतरी सामावून घेतलं असतं. तिची काळजी वेगळीच होती. तिने टेबलावरून नजर फिरवली. थोरली होती, लाजाळू होता, भूगर्भशास्त्राची एक भट्टी होती. "ह्यांना भंगारात घालतील गं," ती म्हणाली. "मी नसले की ह्यांना कोण विचारणार?"

मी संगणकावर शोधायला बसले. गेल्या वर्षीपासून सगळा अहवाल संगणकात भरायचा होता. आत्याला टायपिंग जमत नाही, म्हणून महिन्याच्या शेवटी ती चिठ्ठ्यांचा गठ्ठा करून वर नोंदणी कक्षात पाठवायची आणि तिथला कारकून त्या भरायचा. कार्यशाळेच्या नावाखाली खरंच काही नव्हतं. एकसुद्धा ओळ नाही. कारकून शपथेवर सांगत होता, "मी भरल्यात हो ताई! एकूण एक भरल्यात. माझी बोटं दुखली भरून भरून."

मग त्या गेल्या कुठे?

उत्तर बुधवारी दुपारी आपल्या पायांनी चालत आलं. आत्या खिडकीकडे बघून म्हणाली, "डॉक्टर येतायत. आणि पळत येतायत."

हे डॉक्टर म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राचे. सडपातळ, सज्जन माणूस. बहुतेकदा डोकेदुखीच्या गोळ्या देतात आणि परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांना झोपायला सांगतात. ते हातात एक पत्र घेऊन धापा टाकत दारात उभे राहिले.

"आत्या, मला वाचवा."

"काय झालं? बसा आधी. स्टुलावर नको, ते आजारी आहे. इथे बसा."

"कुलगुरूंनी माझं अभिनंदन केलंय."

"मग त्यात पळायचं काय?"

"तीनशे अकरा रुग्ण मी वर्षभरात दाखल करून बरे केले म्हणे! माझ्याकडे खाट एक आहे. तीही तुम्हीच वेल्डिंग करून दिलीत. आता ते म्हणतात, वर्तमानपत्रवाले मुलाखत घेणार, कमी खर्चात एवढं काम कसं केलं ते सांगा. मी रुग्णांची यादी मागवली. हे बघा. हे वाचा तुम्ही." त्यांनीच वाचायला सुरुवात केली. "नाव: धाकटी. विभाग: जीवरसायन. तक्रार: गरगरते आणि किंचाळते. उपाय: खालून उघडून तेल दिलं. तीन दिवस ठेवून घेतली. बरी." डॉक्टरांनी मान वर केली. त्यांचे डोळे पांढरे झाले होते. "आत्या, मी कुणाला खालून उघडून तेल दिलं?"

आत्याने तोंडाला पदर लावला.

"पुढचं ऐका! नाव: ढापण्या. एका डोळ्याने अधू होता, डोळा काढून धुतला, परत बसवला. बरा!"

आत्या आता टेबल धरून हसत होती. हसता हसता ती त्याच आजारी स्टुलावर बसली, स्टूल कलंडलं आणि डॉक्टरांनी तिला सावरलं.

गोष्ट साधी होती. कार्यशाळेच्या छापील चिठ्ठ्या संपल्या तेव्हा काटकसर म्हणून नव्या छापायला परवानगी मिळाली नाही. आत्याने तक्रार केली नाही. ती आरोग्य केंद्रातून गोळ्यांची रिकामी खोकी आणायची, कापायची आणि कोऱ्या बाजूला लिहायची. मागच्या बाजूला केंद्राचा गोल शिक्का तसाच राहायचा. कारकुनाने शिक्का पाहिला, "ताप उतरत नाही" वाचलं आणि डोळे मिटून सगळं आरोग्य केंद्रात भरलं. "ताप उतरत नाही" हे खरं तर सूक्ष्मजीवशास्त्राच्या उबवण यंत्राबद्दल होतं. पण त्याने चूक तरी काय केली? माणसासारखं लिहिलेलं तो माणसाचं समजला.

मला वाटलं, सुटलो. उद्या समितीला एवढंच सांगायचं.

गुरुवारी अकरा वाजता खिडकीत दोन जोड दिसले. काळे, टाचेचे, ठाम पावलं टाकणारे, आणि त्यामागे चिखलाने माखलेले जाड तळव्यांचे. "वित्त अधिकारी बाई," आत्या पुटपुटली. "आणि भूगर्भवाले सर." वित्त अधिकारी बाईंचा विद्यापीठात दरारा होता. त्यांनी नाही म्हटलं की ते नाहीच असायचं. भूगर्भशास्त्राचे सर निवृत्तीला आलेले, पांढऱ्या दाढीचे, खिशात कायम दोन-तीन दगड.

मी घाईघाईने घोटाळा समजावून सांगितला. डॉक्टरही साक्ष द्यायला आले होते. त्यांनी रुग्णांची यादी पुढे केली. सरांनी ती हातात घेतली, चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला लागले. लाजाळू, कोणी दार उघडलं की थरथरतो. थोरलीचा पट्टा सुटतो. सर वाचत होते आणि त्यांची दाढी हलत होती. बाई मात्र तशाच उभ्या.

"नाव: मोठ्या बाई," सरांनी पुढचं वाचलं. "विभाग: वित्त. तक्रार: सकाळपासून कुरकुर. कागद गिळतात, परत देत नाहीत. जास्त विचारलं की तापतात..."

सर थांबले. डॉक्टर छताकडे बघायला लागले.

"पूर्ण वाचा," बाई म्हणाल्या.

"उपाय: पोट उघडून साफ केलं. सतरा कागद निघाले. आता... आता स्वभाव सुधारलाय. बऱ्या."

"तो तुमचा मोठा प्रिंटर हो, बाई," आत्या अगदी बारीक आवाजात म्हणाली. "आकाराने मोठा म्हणून मोठ्या बाई. दुसरं काही मनात नव्हतं."

बाईंनी आत्याकडे पाहिलं. मग यादीकडे पाहिलं. आणि मग त्यांच्या तोंडून असा काही आवाज निघाला की पहिल्यांदा मला वाटलं एखादं यंत्रच बिघडलं. त्या हसत होत्या. चष्मा काढून, डोळे पुसत, टेबलाला टेकून हसत होत्या. "सतरा कागद!" त्या म्हणाल्या. "त्यातले चार मी सहा महिने शोधत होते!"

हसणं ओसरल्यावर त्यांनी चष्मा परत लावला. आवाज पुन्हा वित्त अधिकाऱ्याचा झाला, पण थोडा खालचा.

"काम शून्य नाही, हे मी मान्य करते. ते दुरुस्त करून घेते. पण आत्या, खरं सांगू? त्याने प्रश्न सुटत नाही. पुढच्या वर्षी अनुदान आणखी कमी होणार आहे. माझ्या यादीतल्या बऱ्याच खोल्यांत माणसं काम करतात. मी काय बंद करायचं ते तुम्ही सांगा."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरच चाचरत बोलले. "गावातल्या रुग्णालयात माझा मित्र आहे. त्यांच्याकडे एक आख्खं कपाट भरून बंद यंत्रं आहेत. कंपनीचा माणूस येतो, हे मॉडेल आता निघत नाही म्हणतो, आणि नव्याची किंमत सांगून जातो. त्याने मला कितीदा विचारलं, तुमच्या विद्यापीठात कोणी बघेल का? मी म्हटलं, बाहेरचं घेत नाहीत."

"का घेत नाहीत?" बाईंनी विचारलं.

"कोणी घ्या म्हटलंच नाही," आत्या म्हणाली. मग जरा ताठ होऊन, "आणि मी काही इथे दुकान टाकायला आले नाही, बाई. विद्यापीठ आहे हे."

"सहा महिने. बाहेरचं काम घ्या, रास्त दर लावा, खोलीचा आणि सामानाचा खर्च त्यातून काढा. जमलं तर राहिलात. नाही तर खोली भाड्याने देते."

आत्याने ॲसिडच्या खड्ड्यातले स्क्रू बोटाने फिरवले. "माझी एक अट आहे," ती म्हणाली. "ज्याचं यंत्र, त्याने शेजारी बसायचं. नुसतं टाकून जायचं नाही. पाना त्याने धरायचा, मी सांगीन. नाही तर महिन्याभरात तेच यंत्र परत येईल."

"अहो, म्हणजे तुमचं गिऱ्हाईक तुम्हीच घालवणार!"

तेव्हा भूगर्भवाल्या सरांनी खिशातला दगड या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाले, "बाई, याला आपल्याकडे शिकवणं म्हणतात. आणि शिकवण्याची फी आपण घेतो."

असा तो शनिवारचा वर्ग सुरू झाला. दारावर मी पाटी रंगवली: यंत्रांचा बाह्यरुग्ण विभाग. पहिल्या शनिवारी कोणीच आलं नाही. डॉक्टर आपलं रक्तदाबाचं यंत्र घेऊन आले आणि रांग दिसावी म्हणून बाहेरच्या बाकावर एकटेच बसून राहिले. दुसऱ्या शनिवारीही तेच. "डॉक्टर, तुमचा रक्तदाब वाढेल अशाने," आत्या म्हणाली आणि त्यांना चहा दिला.

तिसऱ्या शनिवारी खिडकीत एक अनोळखी चपलांचा जोड आला आणि दारात शाळेच्या विज्ञानाच्या बाई उभ्या राहिल्या. पाठीवर चादरीत बांधलेले पाच मायक्रोस्कोप. नऊ वर्षं कपाटात होते. संध्याकाळपर्यंत त्यातले तीन त्यांनी स्वतःच्या हाताने उघडून, भिंगं पुसून, दात्यांना तेल देऊन परत जोडले. तिसऱ्यात त्यांना कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी दिसल्या तेव्हा त्या ओरडल्या, "दिसतंय! अहो, दिसतंय!" आणि आत्याच्या गळ्यात पडल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी आणखी चार शाळांचे शिक्षक आणले. मग रुग्णालयाची परिचारिका आली, दूध तपासायचं यंत्र घेऊन संकलन केंद्राचा माणूस आला. एक सोनार आला तो तराजू रुमालाखाली झाकून, आपला काटा बिघडलाय हे कुणाला कळू नये म्हणून. आत्याने त्याच्या चिठ्ठीवर नाव लिहिलं, "गुपित".

सगळं सुरळीतच झालं असं नाही. गर्दीच्या भरात एकदा आत्याने रुग्णालयाचं सेंट्रीफ्यूज दुसऱ्याच दिवशी "बरी" लिहून पाठवलं. सोमवारी ते किंचाळत परत आलं. आत्या कानापर्यंत लाल झाली. तिने फी परत केली, बेअरिंग बदललं आणि यंत्र पूर्ण तीन दिवस फिरवत ठेवलं. जाता-येता कानाला हात लावून त्याच्यासमोर उभी राहायची. "मिस्त्री बघत असतील तर काय म्हणतील," एवढंच म्हणाली.

चौथ्या महिन्यात बाक पुरेना. पाचव्या महिन्यात अभियांत्रिकीच्या मुलामुलींना तिथे प्रात्यक्षिकाचे गुण मिळायला लागले, कारण शाळांची यंत्रं इतकी झाली की हात कमी पडले. वेळापत्रक छापलं गेलं. नोंदणी कक्षाच्या त्याच कारकुनाने ते तयार केलं होतं, आणि अध्यापकाच्या रकान्यात काय लिहायचं ते त्याला कळेना, म्हणून त्याने लिहिलं: "आत्या". भौतिकशास्त्राच्या सूचनाफलकावर ते लागलं. ज्या व्हरांड्यात ती केरसुणी घेऊन आली होती, त्याच व्हरांड्यात. मी तिला हाताला धरून वर नेलं. तिने ते वाचलं, आजूबाजूला कोणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि फलकाच्या काचेवरची धूळ पदराने पुसली.

सहा महिने संपले त्या गुरुवारी मी सकाळपासूनच तिथे होते. अकरा वाजता खिडकीत काळे टाचेचे बूट आले आणि थांबले. आत्या उठून उभी राहिली. पायऱ्यांवर पावलं वाजली, पण बाई आत आल्या नाहीत. दाराशी काहीतरी खुडबुड झाली. आम्ही बाहेर आलो तर बाई दाराच्या कडीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत होत्या. गाठ काही नीट बसत नव्हती.

चिठ्ठीवर नीटस अक्षरात लिहिलं होतं. नाव: कार्यशाळा. विभाग: सगळेच. तक्रार: काम शून्य दिसतं. उपाय: दार बाहेरच्यांसाठी उघडलं. खर्च निघून थोडं उरलं. यादीतून नाव काढलं. बरी.

"उरलेल्या खोल्यांचं काय करायचं, ते बोलायला मी पुढच्या आठवड्यात येणार आहे," बाई म्हणाल्या. "सर म्हणतात, त्यांच्या दगडांच्या खोलीतही असलंच काही सुरू करता येईल. पण आज हे आधी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. डॉक्टर मागच्या पायरीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. आत्याने चिठ्ठी हातात धरून सावकाश वाचली. मग कानामागची पेन्सिल काढली आणि "बरी" या शब्दावर हलकीशी रेघ ओढली.

"अहो, हे काय?" बाई दचकल्या.

"लगेच लिहायचं नसतं, बाई," आत्या म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "तीन दिवस चालू ठेवून बघू. तोवर आत या. तुमच्या मोठ्या बाई परत कुरकुरायला लागल्यात असं ऐकलंय. पाना तुम्हीच धरायचा."